वारा नव्हता

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अकरा दहाला वाटलं, संपलं! आता इथेच, या खुर्चीत.

क्रेनच्या केबिनमध्ये होतो. जमिनीपासून पंचावन्न मीटर. हुकाला सळ्यांची मोळी, खाली स्लॅबवर मेहुणा वॉकीटॉकी घेऊन उभा. तो खालून इशारे देणार, मी वरून भार हलवणार. रोजचंच काम, बावीस वर्षांचं. आणि एकदम छातीत कुणीतरी दार आपटल्यासारखं झालं. मग धडधड. थांबेचना. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, मानेवर गार घाम. श्वास आत जातो आहे, पण पुरत नाही. समोरची काच, दांडे, माझेच हात — सगळं दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

खालून मेहुणा, "हळू खाली, दाजी... दाजी? डोळा लागला काय? उशी पाठवू का हुकाला लावून?"

आमचा नियम आहे. खालून जे सांगतील ते आपण मोठ्याने परत म्हणायचं, मगच दांडा हलवायचा. मला शब्द फुटेना. कसंबसं "हळू खाली" म्हटलं आणि मोळी टेकवली. खिशातली जपमाळ मुठीत घट्ट धरली. देवा, इथे नको. खाली उतरू दे, मग काय ते कर.

वीस मिनिटांनी ओसरलं. घरी बोललो नाही. म्हणून ही वही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज काही झालं नाही. दिवसभर वाट बघत होतो, तेवढंच.

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा! आणि आज तर घरात. दाढी करत होतो. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून पलंगावर आडवा झालो. बायको ओरडली नाही, रडली नाही. चप्पल घातली आणि मला दवाखान्यात नेलं.

ईसीजी काढला. रक्त घेतलं, थायरॉइड बघितलं. तरुण डॉक्टर म्हणाले, "काका, हृदय उत्तम आहे तुमचं."

ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. हृदय नाही, म्हणजे डोकं. म्हणजे वेड लागतंय मला!

"याला पॅनिक अटॅक म्हणतात. भीतीचा झटका. जीव जात नाही यात, आणि हा बराही होतो," असं म्हणून त्यांनी चिठ्ठीवर एका समुपदेशक बाईंचा पत्ता लिहून दिला.

परत येताना बायको म्हणाली, "हृदय चांगलं आहे म्हणाले ना? मग नापास झाल्यासारखं तोंड कशाला?"

चिठ्ठी पाकिटात ठेवली आहे. जाणार नाही. बाईमाणसापुढे बसून भीती वाटते म्हणून सांगू? पन्नाशीला आलेला माणूस!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

क्रेनची शिडी अकरा टप्प्यांची आहे. आता प्रत्येक टप्प्यावर थांबून नाडी मोजतो. चहा सोडला. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या. माळ वरच्या खिशात, खिशाला पिन. दर तासाला चाचपून बघतो, आहे ना.

पूर्वी वर गेलं की मन निवायचं. खाली सगळा कलकलाट, वर फक्त वाऱ्याचा आवाज आणि देव. मी कुणाला कधी सांगितलं नाही, पण ते केबिन मला देवघरासारखं होतं. आता तिथेच जायला पाय मागे येतो.

वर झालं आणि हात सुटला तर? खाली मेहुणा असतो. बायकोचा एकुलता एक भाऊ.

हे वाक्य मनात आलं की बोटांना मुंग्या सुरू होतात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लिहायला हात धजत नाही. पण लिहितो.

शटरिंगच्या लोखंडी प्लेटा उचलल्या होत्या. बूम, क्रेनचा आडवा लांब हात, अर्धी फिरली आणि ते आलं. या वेळी मोठं. डोक्यात एकच — उतर, आत्ता उतर! आणि त्या झटक्यात दांड्यावरचा हात हिसकला. प्लेटा झोपाळ्यासारख्या गेल्या. मेहुणा जिथे उभा होता तिथल्या खांबाला घासून गेल्या. सिमेंटचा टवका उडालेला मी वरून पाहिला.

"दाजी!"

एवढंच. मग काही नाही. किती वेळ काही नाही ते मला सांगता येणार नाही.

मग आवाज आला, "आहे मी. उडी मारली. कोपर सोललंय फक्त. तुम्ही ठीक ना?"

तो मला विचारत होता!

सेफ्टीसाहेब धावत आले. आमच्या साइटचे सुरक्षा अधिकारी, करडा माणूस. मेहुण्याच्या वॉकीटॉकीचं बटण दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे मला वर सगळं ऐकू आलं. "वारा आला, साहेब. एकदम झोत आला."

वारा नव्हता. वाऱ्याचा काटा माझ्या नाकासमोर होता, शून्याला टेकून बसलेला.

घटनेची नोंद इशारे देणाऱ्याने करायची असते. त्याने साइटच्या नोंदवहीत लिहिलं, "वाऱ्याचा झोत." खाली सही. मी उतरल्यावर बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही. हात घसरला."

"बरं," म्हणाला.

संध्याकाळी तो घरी आला. बायकोने कोपर पाहिलं. तो म्हणाला, "जिन्यात पडलो, ताई. तुझ्या नवऱ्याने ढकललं." ती हसली. मीही हसलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चिठ्ठी पाकिटातून काढली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. खोली लहान, दोन खुर्च्या, एक फिरती खुर्ची, खिडकीत कोमेजलेली कुंडी. आधी एक फॉर्म. "कामाचं स्वरूप" या रकान्यात मी लिहिलं — बांधकाम. त्यांनी विचारलं, "गाडी, यंत्र वगैरे काही चालवता?"

"नाही," म्हणालो.

इतक्या सहज! मलाच नवल वाटलं. खरं सांगितलं तर केबिन जाईल. बावीस वर्षांत मी दुसरं काही शिकलो नाही.

मग त्यांनी सगळं नीट विचारलं. कधी, कुठे, आधी काय वाटतं, नंतर काय करता. मी सांगत गेलो. त्या म्हणाल्या, "शरीरात धोक्याचा भोंगा असतो. तो असायलाच हवा. तुमचा आग नसताना वाजतोय. वाजला की तुम्ही आग शोधत पळता, आणि तुम्ही पळालात की भोंग्याला खात्री पटते, म्हणजे आग आहेच."

मी मान हलवली. पटलं नव्हतं.

"आता एक मिनिट माझ्याबरोबर जोरजोरात श्वास घ्या. धापा टाकल्यासारखा."

घेतला. तिसाव्या सेकंदाला बोटांना मुंग्या! ओठ बधिर! खोली लांब गेल्यासारखी! हुबेहूब तेच! मी खुर्चीचा हात धरला.

"हे आत्ता आपण मुद्दाम केलं," बाई म्हणाल्या. त्याही धापा टाकत होत्या. "मुंग्या श्वास कमी पडल्यामुळे येत नाहीत, जास्त झाल्यामुळे येतात. मेलात का?"

"अजून तरी नाही."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. पण एक गोष्ट मनात राहिली. जे माझ्यावर चालून येतं असं मी समजत होतो, ते मला मुद्दाम आणता आलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

घरचा अभ्यास — जिने धावत चढायचे, जागच्या जागी गोल फिरायचं, मग जे होईल ते होऊ द्यायचं. बसायचं नाही, नाडी बघायची नाही, पाणी प्यायचं नाही. आपोआप उतरेपर्यंत थांबायचं.

बैठकीच्या खोलीत गोल फिरत होतो. बायको दारात उभी. "पन्नाशीत भिंगरी! चष्मा तरी काढून ठेवा."

पहिल्यांदा उतरायला अठरा मिनिटं लागली. आज अकरा.

३ मार्च, सोमवार

आज बाईंचा राग आला.

त्या म्हणाल्या, झटका आला की तुम्ही माळ धरता. ती एकदा घरी ठेवून बघा.

मी उठणारच होतो. म्हटलं, "देवाचं नाव सोडायला सांगताय मला?"

"नाव सोडू नका. नाव रोज घ्या. पण पळून जायला नको. तुम्हाला वाटतं, माळ होती म्हणून वाचलो. मग माळ नसेल त्या दिवशी?"

"त्या दिवशी तो आहेच."

"असं खरंच वाटतं का तुम्हाला?"

चप्पल घातली आणि निघालो. घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांना बरंच सुनावलं.

४ मार्च, मंगळवार

पहाटे बसलो. नेहमीसारखं नाव घेऊ लागलो, आणि मधेच माझं मलाच ऐकू आलं. एका महिन्यात मी त्याच्याशी एकच बोललो आहे — इथे नको, आत्ता नको, वाचव. लहानपणापासून ज्याच्याजवळ नुसतं बसायला आवडायचं, त्याला मी दाराशी काठी देऊन उभं केलं आहे. पहारेकरी!

माळ कोनाड्यात ठेवून कामावर गेलो. सबंध दिवस खिसा चाचपत होतो.

११ मार्च, मंगळवार

जमिनीवर बरं आहे. जिना, बाजार, दाढी — येतं, थांबतो, जातं. वर मात्र बरं नाही. वर मी बाईंनी सांगितलेलं करत नाही. कसं करणार? हुकाला दोन टन असताना "येऊ दे" म्हणू? त्यांना माहीतच नाही मी कुठे बसतो ते. माहीत असतं तर त्यांनी मला वर पाठवलंच नसतं.

औषध घेतो आहे आणि वैद्याला दुखणं सांगत नाही. शहाणा माणूस!

२० मार्च, गुरुवार

हात अजून काळे आहेत. धुतले, तरी लोखंडाचा वास जात नाही.

पाचच्या सुमाराला केबिनमध्ये आलं. भार नव्हता, ही त्याची कृपा. हुक वर घेतला आणि उतरलो. उतरलो कसला, पळालो. खाली नळावर तोंड धुताना वर पाहिलं. पश्चिमेकडे आकाश मातकट झालं होतं, पत्रे वाजायला लागले होते. आणि बूम हलत नव्हती.

दिवसाचं काम संपलं की फिरता ब्रेक मोकळा करायचा. आमच्या धंद्यातलं हे पहिलं अक्षर. ब्रेक मोकळा असला की बूम वाऱ्याबरोबर फिरते, वाऱ्याला अंग देत नाही, म्हणून एवढं उंच धूड रात्रभर उभं राहतं. ब्रेक बांधलेला राहिला तर ती वाऱ्याला आडवी अडून राहणार. अशी अडलेली क्रेन वादळात पडते. आणि आमची पडली असती ती शेजारच्या चार मजली इमारतीवर. गच्चीत एक बाई घाईघाईने कपडे काढत होती.

बावीस वर्षांत मी हे कधी विसरलो नव्हतो.

मेहुणा जवळ येऊन उभा राहिला. त्यानेही वर पाहिलं. "ब्रेक?"

"राहिला."

"मी जातो."

"तुला खटका ठाऊक नाही."

"दाजी, तुमचा चेहरा बघा आधी."

"वारा अजून चढण्याजोगा आहे. दहा मिनिटांनी नसेल," म्हणालो आणि शिडी धरली. खालून त्याच्या बुटांचा आवाज आला. मागे मागे येत होता, न सांगता.

सहाव्या टप्प्यावर ते आलं. सगळं एकदम — छाती, मुंग्या, अंधारी. शिडीच्या दांड्याला मिठी मारून उभा राहिलो. वर जाता येईना, खाली येता येईना. खाली मेहुणा अडकलेला. शिडी कुरकुरत होती. आता नाडी बघून काय उपयोग? खिसा रिकामा. मग बाईंचं ते आठवलं, जे मी फक्त बैठकीच्या खोलीत केलं होतं. म्हटलं, ये. काय यायचं ते ये. किती येतोस ते बघू.

आलं. पाय लटलट कापायला लागले. मी पाय उचलला. थरथरणाऱ्या पायानेही चढता येतं, हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं! पुढची पायरी. पुढची. तोंडात नाव होतं, ते कधी सुरू झालं कळलं नाही. मागणं काही नव्हतं त्यात.

केबिनमध्ये पोचलो, खटका ओढला. क्षणभर काहीच झालं नाही. मग बूमने अंग सोडलं आणि माझ्यासकट सबंध केबिन हळूच वळायला लागलं. समोरची इमारत सरकली, रस्ता सरकला, धुळीचं आकाश आलं आणि तिथे ती थांबली. इतकी वर्षं मी तिला मोकळं करायचो आणि लगेच उतरायचो. मोकळी झाल्यावर आत बसून कधी पाहिलं नव्हतं. छाती अजून धडधडत होती. धडधडू दिली.

बाहेरच्या फळीवर मेहुणा कठडा धरून उभा. डोळे घट्ट मिटलेले.

"झालं असेल तर उतरू या, दाजी. मला उंची सोसत नाही."

आणि हा माझ्यामागे अकरा टप्पे चढला होता!

२१ मार्च, शुक्रवार

आज साइट बंद होती. शेजारचे पत्रे उडाले, आमची क्रेन जागची हलली नाही. मेहुण्याला सगळं सांगितलं. फेब्रुवारीपासूनचं. तो खडीच्या ढिगावर बसून ऐकत होता.

मग म्हणाला, "मला वाटलंच होतं. त्या दिवसानंतर, दाजी, हुक डोक्यावर आला की माझा पाय आपोआप मागे जातो. महिना झाला. इशारा देताना आवाज कापतो, म्हणून मी जास्त चेष्टा करतो. तुम्हाला कळलं नाही?"

नाही कळलं. मी माझीच नाडी मोजत होतो.

"सांगून टाका साहेबांना. आज नाही तर उद्या कुणीतरी मरेल, आणि तो बहुतेक मीच."

"केबिन जाईल माझं."

"जाऊ दे की. तुम्ही आहात ना? माझं मी बघतो."

दुपारी बाईंना फोन केला. खरं काम सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मी परवानगी देईपर्यंत वर जायचं नाही. एकदाही नाही." रागावल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "कालचं शिडीवरचं मात्र परत सांगा. सावकाश."

२४ मार्च, सोमवार

सेफ्टीसाहेबांपुढे बसलो. फॅनचा आवाज, टेबलावर पिवळं हेल्मेट. सगळं सांगितलं. झटके, ब्रेक, शिडी. आणि सतरा तारखेचं. म्हणालो, "त्या दिवशी वारा नव्हता, साहेब."

ते लिहून घेत होते. मान वर केली नाही. "वारा नव्हता," त्यांनी परत म्हटलं, आम्ही इशारा परत म्हणतो तसं, आणि लिहिलं.

बाहेर आलो तेव्हा पिसासारखं हलकं वाटलं. संध्याकाळी देवापुढे बसलो. काही मागितलं नाही. किती दिवसांनी!

२६ मार्च, बुधवार

बाजारात एकदा आलं. चार मिनिटं. भाजी घेऊन परत आलो.

२ एप्रिल, बुधवार

दोन पत्रं निघाली. मला तीन महिने जमिनीवरचं काम, उपचार, मग तपासणी, मग पुन्हा केबिन. मेहुण्याला कामावरून काढलं. नोंदवहीत खोटं लिहिलं म्हणून. साहेब म्हणाले, "स्वतःहून खरं सांगणाऱ्याला आम्ही सांभाळून घेतो."

"वारा नव्हता" हे वाक्य मी माझ्यासाठी बोललो. सही त्याची होती. तो "माझं मी बघतो" म्हणाला तेव्हा त्याला हे दिसत होतं, आणि मी विचारलंसुद्धा नाही.

घराच्या पायरीवर बसून लिहितो आहे. आत तो बहिणीला कसलीतरी नक्कल करून हसवतो आहे. तिला अजून माहीत नाही. आज भ्यावं असं खरंच काहीतरी आहे — आणि छाती शांत, बोटं स्थिर, श्वास पुरतो आहे.

आत जातो. तिला मीच सांगणार.